खान्देशच्या हिवाळ्यात बांधकामावर टिकून कसे राहावे: नव्या कामगारांसाठी मार्गदर्शन

खरिपाची कापणी आटोपली आणि कापूस वेचणीचा जोर ओसरला की सातपुड्याच्या पायथ्याची गावे रिकामी होऊ लागतात आणि जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा, नंदुरबार येथील मजूर नाक्यांवर सकाळची गर्दी वाढते. पाऊस संपलेला असतो, विहिरींना पाणी असते, शिवाय घर बांधणाऱ्याला उन्हाळ्याआधी स्लॅब पडलेला हवा असतो. त्यामुळे नवख्याला काम सहज मिळते ते याच दिवसांत. आणि चार-सहा हजेऱ्या (कामाचे दिवस) भरून गावाकडे परतणारे नवखेही याच दिवसांत अधिक दिसतात. बिगारी म्हणून घमेले उचलण्यापासून सुरुवात करून पुढे थापी हातात आलेला मी एक गवंडी आहे. ‘थंडीत मन लागत नाही’ असे सांगणारे पुष्कळजण प्रत्यक्षात उपाशीपोटी, ओल्या बनियनमध्ये आणि पैशांचा हिशेब न ठेवता राबत असतात, असे मला नेहमी दिसते. मनाची तक्रार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते, म्हणून हा लेखही तिथूनच सुरू होतो.

1. आपल्याकडची थंडी कशी असते ते आधी समजून घ्या

डिसेंबर-जानेवारीत धुळे आणि जळगाव येथे पहाटेचा पारा 10 अंश सेल्सिअसच्या खाली जातो, काही दिवशी तो 6-7 अंशांपर्यंतही उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी 28 ते 30 अंशांचे ऊन पडते. म्हणजे हात बधिर करणारी पहाट आणि घाम काढणारी दुपार एकाच हजेरीत येतात. खान्देशात कामगार आजारी पडतो तो मुख्यतः या फरकामुळे: दुपारी घामाने कपडे भिजतात, सूर्य मावळताच गारठा पडतो आणि ओले अंग झपाट्याने गार पडते. पुढच्या बहुतेक सूचनांचा हेतू अंग कोरडे ठेवणे हाच आहे.

2. गाव सोडण्यापूर्वी कागदपत्रे आणि सामान गोळा करा

बरोबर ठेवायची कागदपत्रे:

- आधार कार्ड आणि त्याच्या तीन-चार झेरॉक्स प्रती
- आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक
- शिधापत्रिकेची प्रत (‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे कामाच्या गावातील रेशन दुकानातूनही अंगठा देऊन धान्य घेता येते)
- वयाचा पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक विकार) तपासणी झालेली असल्यास तिचा कागद

सामान मोजकेच असू द्या: दोन सुती बनियन, एक लोकरी किंवा जाड विणीचा स्वेटर, वारा अडवणारे एक जाकीट, कानटोपी, दोन पंचे, गमबूट, रबरी हातमोजे, मोज्यांचे दोन जोड, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, झाकणाची पाण्याची बाटली, एक वही आणि पेन. जाकीट जुने असले तरी चालते, पण सुके बनियन रोज हवे. त्यामुळे पैसे कमी असतील तर ते आधी दुसऱ्या बनियनवर खर्च करा.

3. कल्याणकारी मंडळाची नोंदणी पहिल्याच हंगामात मार्गी लावा

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र त्यासाठी लागते. ते ठेकेदाराकडून, ग्रामसेवकाकडून किंवा नगरपालिका-महानगरपालिकेकडून मिळते. नोंदणी शुल्क 1 रुपया आहे. नोंदणी जिवंत ठेवण्यासाठी दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि हे पुष्कळजण विसरतात. मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य, बाळंतपणासाठी साहाय्य, सुरक्षा संच आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसांना 5 लाख रुपये असे लाभ या नोंदणीवर मिळतात.

येथील नेहमीचा सापळा दलालांचा आहे. ‘पेटी मिळवून देतो’, ‘भांड्यांचा संच काढून देतो’ असे सांगून नाक्यावर हजार-पाचशे रुपये घेणारे भेटतात, आणि खोट्या प्रमाणपत्रावर केलेली नोंदणी पुढे रद्द होते. ठेकेदार बदलताना प्रत्येकाकडून कामाच्या तारखांचे प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घ्या. नंतर तो दुसऱ्या तालुक्यात काम घेतो आणि फोन उचलत नाही. अर्ज संकेतस्थळावर करता येतो. जमत नसेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे.

4. झोपण्याची जागा आणि शेगडी यांबाबत तडजोड करू नका

साइटवरचा पत्र्याचा शेड दिवसा तापतो आणि रात्री बाहेरच्या इतकाच गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतून दव गळते आणि अंथरूण ओलसर होते. झोपताना जमिनीवर थेट चटई टाकण्याऐवजी खाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून, त्यांवर पुठ्ठा आणि मग अंथरूण घाला, कारण रात्री अंगातली ऊब पांघरुणातून जाते त्यापेक्षा गार कोब्यात अधिक जाते. गोण्यांतील सिमेंटची धूळ शेडबाहेरच झटकावी.

शेडमध्ये कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले ठेवून दार लावून झोपू नका. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो बेशुद्ध करतो. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या वाचायला मिळतात, तरीही ‘फट आहे की दाराला’ असे म्हणून लोक शेगडी आत घेतात. शेकायचे असेल तर बाहेर शेका, निखारे पाणी टाकून विझवा आणि मगच आत जा. शेकोटीत प्लास्टिकच्या गोण्या किंवा तेल लावलेल्या सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या साच्याच्या) फळ्या जाळू नका, कारण तो धूर छातीत बसतो.

दुसरा धोका पाणी तापवण्याच्या कांडीचा आहे. साइटवरच्या तात्पुरत्या वायरिंगला बहुधा अर्थिंग नसते. बटण बंद करून, पिन काढून मगच बादलीत हात घालायचा, आणि बादली प्लास्टिकची असली तरी हाच नियम पाळायचा.

5. सकाळचा पहिला तास जपून घालवा

गार अंगाने थेट 50 किलोची सिमेंटची गोणी उचलली की पाठीत उसण भरते, आणि पाठ धरलेल्या बिगाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी कामावर घेत नाही. साइटवर पोहोचल्यावर पाच-दहा मिनिटे हात, खांदे, कंबर आणि गुडघे हलवा, थोडे चाला, मग आधी हलके काम धरा: अवजारे काढणे, वाळू चाळणे, जागा झाडणे. मुकादम कुरकुरला तर त्याला नम्रपणे सांगा की, ‘आप्पा, अंग मोकळं झालं की दुपारपर्यंत दुप्पट काम देतो.’ समजूतदार मुकादम हे मान्य करतो, कारण हा हिशेब त्यालाही ठाऊक असतो.

पहाटे परांचीच्या (उंचावर काम करण्यासाठी बांधलेल्या मचाणाच्या) फळ्या आणि बांबू दवाने निसरडे झालेले असतात. ऊन पडून ते सुकेपर्यंत उंचावरचे काम सुरू करू नये. लगेच चढावेच लागले तर फळ्या पोत्याने पुसून, दोरांच्या गाठी आणि क्लॅम्प तपासून, सुरक्षा पट्टा बांधूनच चढावे. बधिर बोटांची पकड ढिली असते हे येथे विशेष लक्षात ठेवले पाहिजे, कारण हातातून निसटलेली थापी खालच्या माणसाच्या डोक्यात जाते. सळई बांधणाऱ्या फिटरांनी सकाळी कापडी हातमोजे वापरावेत. थंड लोखंड उघड्या हाताने धरले की बोटे लवकर आखडतात.

कानटोपी आणि हेल्मेट यांचा मेळ घालणे अनेकांना जमत नाही. जाड टोपीवर हेल्मेट डळमळते, म्हणून डोक्याला पातळ सुती रुमाल बांधून त्यावर हेल्मेट घालावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळावा.

6. कपडे थरांनी घाला आणि घाम येण्याआधी काढा

आत सुती बनियन, मध्ये स्वेटर, बाहेर जाकीट असे तीन थर ठेवावेत. ऊन चढू लागले की घाम फुटण्याची वाट न पाहता आधी जाकीट आणि मग स्वेटर उतरवावा. नवखे लोक उलट करतात: गरम वाटेपर्यंत सगळे अंगावर ठेवतात, मग चिंब भिजल्यावर एकदम उघडे होतात. सुती कापड घाम धरून ठेवते, म्हणून दुपारच्या सुटीत बनियन बदलून पहिले उन्हात वाळत टाकावे.

स्लॅबच्या दिवसाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण हिवाळ्यात सर्वाधिक माणसे त्याच दिवसानंतर अंथरुण धरतात. काँक्रीट एकदा सुरू झाले की मध्येच थांबवता येत नाही. दुपारी सुरू झालेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत चालतो. सगळी टोळी घामाने आणि सिमेंटच्या पाण्याने भिजलेली असते आणि तशाच अवस्थेत उघड्या पिकअपमध्ये उभी राहून गावाकडे निघते. धावत्या गाडीचा वारा ओल्या अंगाला लागला की थंडी हाडात शिरते. यावरचा उपाय अगदी साधा आहे. सकाळीच एका पिशवीत सुके बनियन, शर्ट, पंचा आणि घोंगडी किंवा चादर बांधून ती स्लॅबपासून दूर ठेवा. काम संपताच हातपाय धुऊन, अंग कोरडे करून, कपडे बदलूनच गाडीत बसा, आणि उभे राहण्यापेक्षा फाळक्याच्या आड खाली बसा. चालकाला पाच मिनिटे थांबायला सांगण्यात संकोच करू नये.

स्लॅब पडला की मालक किंवा ठेकेदार दारू पाजतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दारूने अंगात ऊब येते हा गैरसमज आहे. दारूमुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, त्यामुळे वरून गरम वाटते, पण आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते आणि अंग उलट लवकर गार होते. मोटारसायकलवर परतणाऱ्याला दुसरा धोकाही आहे, तो सांगण्याची गरज नाही. पार्टीचे पैसे रोख मागून घेणाऱ्या टोळ्या मी पाहिल्या आहेत आणि मालक ते आनंदाने देतात.

7. न्याहारी केल्याशिवाय निघू नका आणि पाणी पीत राहा

खान्देशातले जेवण थंडीतल्या कष्टांसाठी फार चांगले आहे. त्यासाठी वेगळा खुराक शोधावा लागत नाही. ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी, बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, शेंगदाण्याचा ठेचा, उडदाची डाळ हे सगळे पोटात टिकते. अडचण इतकीच असते की पहाटे स्वयंपाक होत नाही म्हणून मुले चहा-बिस्किटावर निघतात आणि दहा वाजता डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्रीच दोन भाकरी जास्त थापून ठेवाव्यात आणि सकाळी तव्यावर गरम करून तेल-चटणीबरोबर खाव्यात. खिशात गूळ-शेंगदाणे असावेत. केळी येथे बारमाही मिळतात, त्यामुळे चार वाजता वडापावऐवजी दोन केळी खाणे परवडते आणि बाधत नाही.

पाण्याकडे मात्र सगळेच दुर्लक्ष करतात. थंडीत तहान कमी लागते, पण काम करताना घाम येतो आणि कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जाते. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. महिला कामगार अनेकदा साइटवर शौचालय नसल्यामुळे मुद्दाम पाणी पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीने आजारी पडतात. काम ठरवतानाच शौचालयाची सोय विचारावी, आणि टोळीतल्या पुरुषांनीही ही मागणी आपली म्हणून पुढे करावी.

8. हातापायांना सिमेंटपासून वाचवा

ओले सिमेंट अत्यंत क्षारयुक्त असते. ते कातडी जाळते, आणि थंडीने आधीच कोरड्या पडून भेगाळलेल्या हातांना त्याचा त्रास दुप्पट होतो. कामापूर्वी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे, रबरी हातमोजे घालावेत, गमबुटात सिमेंटचे पाणी शिरले तर लगेच बूट काढून पाय धुवावेत. गमबूट ओला असताना तसाच दिवसभर घालून ठेवल्याने पायाला भाजल्यासारख्या जखमा झालेले कामगार कमी नाहीत. हात धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरू नका, त्याने उरलेसुरले तेलही निघून जाते. संध्याकाळी कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पुन्हा तेल लावावे. खाज आणि पुरळ महिनाभर राहिली तर ती सिमेंटची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागात दाखवावे.

बांधकामाला पाणी मारण्याचे काम नवख्याच्या वाट्याला येते. तेही पहाटे करण्याची गरज नसते. स्लॅबवर वाळूचे आळे करून पाणी साठवले आणि खांबांना तरट गुंडाळून ओले ठेवले, तर ऊन वर आल्यावर पाणी मारूनही काम चोख होते आणि पहाटे गार पाण्यात उभे राहावे लागत नाही.

9. सेंट्रिंग लवकर काढण्याच्या घाईत सामील होऊ नका

थंडीत सिमेंटला ताकद हळू येते. भारतीय मानक 456 मध्ये 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेके, म्हणजे खालून दिलेले आधार, किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवावेत असे दिले आहे. पण ही मुदत तापमान 15 अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाची आहे. आपल्याकडच्या जानेवारीच्या रात्री त्याहून थंड असतात, त्यामुळे मुदत वाढवावी लागते आणि ती किती वाढवायची हे अभियंत्याने ठरवायचे असते. ठेकेदाराला फळ्या पुढच्या साइटवर हव्या असतात, म्हणून तो पाचव्या-सहाव्या दिवशीच टेके काढायला सांगतो, आणि खाली उभा असतो तो बिगारी. ‘इंजिनियर साहेबांना फोन लावा, ते हो म्हणाले की काढतो’ एवढे एक वाक्य पाठ करून ठेवा.

10. सिकलसेल, खोकला आणि छातीत दुखणे अंगावर काढू नका

नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुडा पट्ट्यातील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम या तिन्हींमुळे सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येतो, आणि हिवाळ्यातल्या बांधकामावर ही तिन्ही एकत्र असतात. तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. गावाहून निघण्यापूर्वीच ती करून घ्यावी. विकार असल्यास पाणी मारणे, रात्रीचा स्लॅब आणि उंचावरची कामे टाळून आतल्या भागातील प्लास्टर, फरशी, रंगकाम अशी कामे निवडावीत, औषधे नियमित घ्यावीत, आणि सांधेदुखीबरोबर ताप किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘कामचुकार आहे’ असे म्हणून अशा मुलाला हिणवणारे मुकादम भेटतात. डॉक्टरांचा कागद दाखवला की बहुतेकांचे तोंड बंद होते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाचे निदान आणि उपचार मोफत आहेत आणि उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा 1000 रुपये खात्यावर जमा होतात. फरशी कापताना आणि काँक्रीट फोडताना उडणारी धूळ साध्या रुमालाने अडत नाही. कापताना पाण्याची धार सोडावी आणि मास्क वापरावा. चाळिशीच्या पुढच्यांनी पहाटेच्या थंडीत छातीत दाब, डाव्या हाताला कळ किंवा दरदरून घाम आला तर त्याला पित्त समजून सोडा पिण्यात वेळ घालवू नये.

11. मन लागावे यासाठी हिशेब आणि सोबत सांभाळा

नवख्याचे मन खचते ते बहुधा संध्याकाळी. सहा वाजता अंधार पडतो, शेडमध्ये दिवा मंद असतो आणि घरची आठवण येते. अशा वेळी उपयोगी पडते ती वही. रोज रात्री तारीख, साइट, हजेरी पूर्ण की अर्धी, घेतलेली उचल (आगाऊ पैसे) आणि खर्च एवढे लिहा. जमलेला आकडा वाढताना दिसला की पहाटे उठायला कारण मिळते, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी ठेकेदाराशी हिशेब करताना वादही होत नाही. उचल शक्यतो कमी घ्यावी, कारण मोठी उचल घेतलेल्याला पटत नसतानाही तीच साइट धरून राहावे लागते.

आपल्या गावचा निदान एक माणूस टोळीत असू द्या, आणि संध्याकाळचा स्वयंपाक एकत्र करा. एकट्याने हॉटेलात जेवणारा मुलगा लवकर कंटाळतो. आठवड्याची सुटी झोपून न घालवता कपडे धुणे, अंथरूण उन्हात घालणे आणि घरी निवांत फोन करणे यासाठी ठेवा. डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. शहादा-दोंडाईचा भागात काम असेल तर टोळीने मिळून एक दिवस जरूर जावे. काम शिकण्याचा बेतही मनात असू द्या. दुपारच्या सुटीत मिस्त्रीकडून ओळंबा धरणे, पाण्याची पातळी काढणे, विटांचा थर लावणे शिकलेला बिगारी काही हंगामांत गवंडी होतो आणि त्याची मजुरी वाढते.

झोपच न लागणे, जेवण नकोसे होणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे असे झाले तर ते थंडीवर ढकलू नका. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

12. होळीला परतण्याआधी हिशेब पूर्ण करून घ्या

पावरा-भिल्ल टोळ्या भोंगऱ्या बाजारासाठी (होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजारासाठी) होळीच्या आठवडाभर आधी गावाकडे निघतात, आणि त्याच सुमारास ठेकेदाराकडे ‘आता पैसे नाहीत, परत आल्यावर देतो’ हे उत्तर तयार असते. निघण्याच्या तीन आठवडे आधी वही समोर ठेवून एकूण हजेऱ्या, उचल आणि बाकी यांवर त्याची सही घ्या, बाकी रक्कम दोन हप्त्यांत खात्यावर मागा आणि त्याच भेटीत कामाच्या दिवसांचे प्रमाणपत्रही घ्या. गाडीचे तिकीट शेवटचा हप्ता जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर आल्यानंतर काढा.